टास्मानियन नेम्स इंडेक्स: काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाचं घर शोधताना

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्या सत्तर वर्षं आधी, १७८८ मध्ये, इंग्रजांनी स्वतःच्याच देशातले कैदी जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवायला सुरुवात केली होती. १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० माणसं गेली. त्यांतली सत्तर हजारांहून जास्त व्हॅन डीमेन्स लँडला उतरली, म्हणजे आजच्या टास्मानियाला. तिथे कैदी पाठवणं १८५३ मध्ये थांबलं आणि १८५६ मध्ये बेटाचं नाव बदललं. नाव बदललं, तरी कागद जपले गेले. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या दप्तराला युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृती-यादीत घेतलं, आणि त्यात टास्मानियाचा वाटा मोठा आहे.

हे दप्तर घरबसल्या उघडणारी सेवा म्हणजे लायब्ररीज टास्मानियाचं टास्मानियन नेम्स इंडेक्स. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि मूळ पानाचं छायाचित्र उतरवूनही घेता येतं. कैदी शोधायला हिच्याइतकं चांगलं साधन क्वचितच सापडेल. कैद्याचं कुटुंब शोधायलाही ती तितकीच चांगली आहे, पण त्यासाठी ‘कन्व्हिक्ट्स’ या कप्प्यातून बाहेर पडावं लागतं. ते साइट सांगत नाही. बहुतेक जण पहिलं पान बघून खूश होतात आणि तिथेच थांबतात. बायको, मुलं, दुसरं लग्न, म्हातारपण हे सगळं दुसऱ्याच वह्यांमध्ये असतं.

आधी एक खबरदारी. इथे फक्त टास्मानिया आहे. सिडनीला उतरलेला कैदी न्यू साउथ वेल्सच्या दप्तरात सापडेल, फ्रीमँटलला उतरलेला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांतली मुलं पाचवीत वसाहतींचा इतिहास शिकतात आणि त्यात एखाद्या कैद्याची माहिती काढायचं काम बऱ्याचदा येतं. अशा वेळी जहाज कुठल्या बंदराला लागलं ते आधी बघा, नाहीतर अख्खी संध्याकाळ चुकीच्या सूचीत जाते.

उदाहरणाला विल्यम कफी घेऊ. १७८८ मध्ये केंट परगण्यातल्या चॅटहॅमला जन्म, वडील सेंट किट्स बेटावरचे, एके काळी गुलाम असलेले. स्वतः शिंपी, लंडनच्या चार्टिस्ट चळवळीतला, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीतला पुढारी. १८४८ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला, सप्टेंबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला झाला आणि साठीच्या माणसाला जन्मठेपेची काळ्या पाण्याची सजा झाली. १८४९ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅडलेड’ जहाजाने होबार्टला पोचला. १८५३ मध्ये बायको मेरी अ‍ॅन त्याच्याकडे आली. १८५६ मध्ये माफी मिळाली, तरी तो परत गेला नाही. होबार्टलाच शिवणकाम करत आणि कामगारांच्या सभांमध्ये बोलत राहिला. १८७० मध्ये ब्रिकफील्ड्सच्या निराधार-आश्रमात वारला. एवढ्या आयुष्याचे धागे कुठे कुठे पसरले असतील, याचा अंदाज या एका माणसावरून नीट येतो.

शोध असा करायचा. आडनाव टाका, नाव टाका, मग डावीकडच्या गाळण्यांत नोंदीचा प्रकार आणि वर्ष निवडा. निकालात नाव, जहाज, निघाल्याची व पोचल्याची तारीख, निघालेलं बंदर आणि मूळ वह्यांचे दुवे येतात. नावाच्या स्पेलिंगवर विसंबू नका. कफीचंच आडनाव तेव्हाच्या वर्तमानपत्रांत दोन-तीन तऱ्हांनी छापलेलं आहे. कारकून कानाला ऐकू आलं तसं लिही, आणि आयरिश उच्चार लंडनच्या कारकुनाच्या कानी पडला की आडनावाचं काय होईल ते सांगता येत नाही. शेवटचं अक्षर बदलून बघा, दुहेरी अक्षर एकेरी करा, सुरुवातीचा ‘ओ’ काढून बघा. जॉन स्मिथसारखं नाव असेल तर नावाने काहीच साधत नाही. तिथे जहाज कामाला येतं. वसाहतीत माणसाची ओळखच ‘अमुक नाव, अमुक जहाज’ अशी होती. लग्नाच्या अर्जावर, पोलिसांच्या कागदावर, मुलाच्या नोंदीवर सगळीकडे जहाज लिहिलेलं असे. म्हणून जहाजाचं नाव पहिल्याच दिवशी पक्कं करा. एकच जहाज पुन्हापुन्हा कैदी आणायचं, तेव्हा ते कितव्या फेरीचं हेही टिपून ठेवा.

आता वह्या. ‘कॉन’ ही कैदी खात्याच्या वह्यांची खूण, पुढचा आकडा मालिकेचा. पुरुषांची वर्तणूक-नोंद दोन मालिकांत आहे. नेमणूक पद्धतीच्या, म्हणजे कैदी खासगी मालकाकडे कामाला देण्याच्या काळातली ‘कॉन ३१’ आणि १८४० नंतरच्या प्रोबेशन काळातली, म्हणजे आधी सरकारी टोळीत राबवून मग मजुरीला सोडण्याच्या काळातली ‘कॉन ३३’. बायकांसाठी याच क्रमाने ‘कॉन ४०’ आणि ‘कॉन ४१’. कफीसारखा १८४९ चा माणूस कॉन ३३ मध्येच सापडायला हवा. कॉन ३१ मध्ये त्याच नावाचा कोणी दिसला तर तो दुसरा माणूस.

कॉन ३३ चं पान छापील असतं. वर गुन्हा, तुरुंगाचा शेरा, हल्कचा शेरा (हल्क म्हणजे नांगरून ठेवलेलं जुनं जहाज, तुरुंग म्हणून वापरलेलं), लग्न झालंय की नाही, मुलं किती, आणि ‘स्टेटेड धिस ऑफेन्स’ या शब्दांपुढे कैद्याने स्वतः सांगितलेला गुन्हा. मग धंदा, उंची, वय, रंग, केस, कपाळ, भुवया, डोळे, नाक, हनुवटी, जन्मगाव. उंची पाव इंचापर्यंत मोजलेली असते. पळालेला माणूस पकडायला हे वर्णन लागे, म्हणून इतकी बारकाई. त्याखाली सजा आणि गुन्ह्यांची जंत्री.

कैद्याने सांगितलेला गुन्हा वाचाच. अधिकाऱ्यासमोर इंग्लंडहून आलेले कागद असत, ते त्याला ठाऊक असल्याची कैद्याची समजूत असे, त्यामुळे तो बऱ्याच वेळा खटल्यात न आलेलंही सांगून जाई: कुणाच्या घरातून, कुणाबरोबर, आधी किती वेळा. लंडनचा खटला असेल तर ओल्ड बेलीच्या कामकाजाची साइटही फुकट आहे, १६७४ ते १९१३ पर्यंतची. कफीचा खटला तिथे वाचता येतो. दोन्ही पानं शेजारी उघडून वाचली तर फरक लगेच दिसतो.

शेऱ्यांचा रकाना कुटुंबासाठी फार मोलाचा आहे आणि लोक तो सोडून देतात. गोंदण तिथे लिहिलेलं असतं. डाव्या हातावर अमुक अक्षरं, उजव्यावर नांगर, बदाम, तारीख. ही अक्षरं बहुतेक आईबापांची, भावंडांची, बायकोची असतात. आपल्या मागे राहिलेल्यांची नावं माणूस अंगावर घेऊन निघाला होता आणि सरकारी कारकुनाने पळून गेल्यास ओळख पटावी म्हणून ती उतरवून घेतली. हे दप्तर ज्याने वाचलंय त्याला ती चार अक्षरं विसरता येत नाहीत.

नातेवाइकांची खरी यादी मात्र ‘इंडेंट’मध्ये, म्हणजे जहाजावरच्या कैद्यांच्या सरकारी यादीत, पुरुषांची ‘कॉन १४’, बायकांची ‘कॉन १५’. प्रोबेशन काळातल्या इंडेंटमध्ये पुष्कळदा आई, वडील, भाऊ, बहिणी यांची नावं आणि ते कुठे राहतात हे येतं. ‘एन.पी.’ दिसलं की ‘जन्मगावी’ असं वाचायचं. निकालाच्या पानावर वर्तणूक-नोंदीबरोबर इंडेंटचाही दुवा असतो. दोन्ही उघडा. फक्त पहिला उघडला तर अर्धं घर हातचं जातं.

संक्षेप थोडे पाठ करावे लागतात. ‘टी.एल.’ म्हणजे टिकिट ऑफ लीव्ह: सजा चालू, पण ठरलेल्या जिल्ह्यात राहून स्वतःसाठी मजुरी करायची मुभा. ‘सी.पी.’ म्हणजे सशर्त माफी. ‘एफ.एस.’ म्हणजे मुदत भरून सुटला. ‘एच.एल.’ म्हणजे सक्तमजुरी. यावरून एक चाचणी करता येते. सात, दहा, चौदा वर्षांच्या सजेला एफ.एस. लागू पडतं, जन्मठेपेला नाही, कारण तिची मुदत भरतच नाही. जन्मठेपेच्या माणसापुढे एफ.एस. दिसलं तर पान चुकलंय किंवा अक्षर चुकीचं वाचलंय.

छायाचित्रांबद्दल तक्रार आहे. काही दुवे नेमक्या पानावर उघडतात, काही सबंध वही उघडून देतात आणि मग पान आपण शोधायचं. वहीवरचा पानाचा आकडा आणि छायाचित्राचा आकडा सारखा नसतो, हे ध्यानात नसलं की माणूस चकतो. फोनवर हे काम करू नका. पान मोठं, अक्षर बारीक, समासातले शेरे आडवे-तिरपे लिहिलेले, एकेका रकान्यात तीन-तीन कारकुनांचे हात. लॅपटॉपवर उतरवून घेऊन मोठं करून वाचलेलं बरं. १८२० च्या आधीच्या नोंदी मुळातच त्रोटक आहेत. तिथे पानभर माहितीची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

आणि वर्तणूक-नोंद हे शिक्षेचं दप्तर आहे, चरित्र नाही, हे वाचताना सतत मनात असू द्या. माणूस दारू प्यायला, उलटून बोलला, रात्री बाहेर राहिला की ओळ पडते: एकांतकोठडीचे दिवस, बेडीतली मजुरी, फटके. तो चार वर्षं गुमान शिवणकाम करत राहिला तर एकही ओळ पडत नाही. भरलेलं पान बघून माणूस वाईट होता आणि कोरं पान बघून त्याचं काही घडलंच नाही, असे दोन्ही निष्कर्ष लोक काढतात. दोन्ही चूक. कोरी जागा असेल तिथे दुसऱ्या वह्या उघडायच्या.

पहिली वही लग्नपरवानगीची. सजा भोगणाऱ्याला लेफ्टनंट गव्हर्नरच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. ‘कॉन ५२’ आणि तिच्या आधीची ‘कॉन ४५’ यांत दोघांची नावं, दोघांची जहाजं, कोण कैदी आणि कोण मोकळं, आणि मंजुरीचा शेरा मिळतो. सूचीत याचा वेगळा कप्पा आहे. इथे एक गाठ लक्षात ठेवा. उतरताना ‘विवाहित’ सांगितलेल्या माणसाला दुसऱ्या लग्नाची परवानगी मिळणं अवघड, म्हणून अनेकांनी पुढे जोडीदार वारल्याचं सांगितलं. सात वर्षं खबर नसेल तर दुसरं लग्न चालवून घेण्याची रीतही होती. त्यामुळे अर्जावरचं ‘विधुर’ आणि कॉन ३३ वरचं ‘विवाहित, दोन मुलं’ एकाच माणसाचं असू शकतं. इंग्लंडमधली बायको त्या वेळी जिवंत असल्याचं तिकडच्या जनगणनेत सापडतं, तेव्हा लगेच ‘फसवा माणूस’ असा शिक्का मारू नका. हजारो मैल समुद्र मध्ये, परतीचं भाडं कुठून आणायचं, पत्र लिहायला अक्षरओळख नाही. आणि परवानगी मिळाली म्हणजे लग्न झालंच असंही नाही. पुढचे काही महिने ‘मॅरेजेस’मध्ये बघून खात्री करा.

जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद या वसाहतीत १८३८ च्या कायद्याने सुरू झाली. जन्माच्या ‘आर.जी.डी. ३३’ वहीत सगळ्यात जास्त लोक अडतात. बाळाचं नाव बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधीची. म्हणून मुलाचं नाव घालून शोधलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. नावाचा रकाना मोकळा ठेवा, फक्त आडनाव आणि वर्षांचा पट्टा द्या, मग आईबापांच्या नावांवरून ओळखा. मृत्यूच्या ‘आर.जी.डी. ३५’ मध्ये त्या काळी आईबापांची नावं नसतात. वय, धंदा, कारण आणि खबर देणारा एवढंच. वयात पाच-सात वर्षांचा घोळ नेहमीचा. खबर देणारा मात्र बघा. तिथे नातेवाइकाऐवजी आश्रमाचा अधिकारी असेल तर माणूस कुठे मेला हे कळतं. कफी ज्या ब्रिकफील्ड्सला गेला, तिथे त्याआधी कैदी बायकांना कामावर देण्याचा डेपो होता. म्हातारे झालेले असंख्य कैदी अशाच ठिकाणी संपले. तेव्हा ‘हेल्थ अँड वेलफेअर’ हा कप्पा वगळू नका.

बायको मागून आली असेल तर? चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला कुटुंब बोलावून घेण्यासाठी अर्ज करता येत असे. पण येणारी बायको मोकळी बाई. ती ‘कन्व्हिक्ट्स’मध्ये कधीच सापडणार नाही. मेरी अ‍ॅन कफीसारख्या बाईला ‘अरायव्हल्स’मध्ये शोधायचं, आणि तिथेही जहाजाच्या तळच्या, स्वस्त वर्गातल्या उतारूंची नावं पुष्कळदा गाळलेली, नुसता आकडा. अशा वेळी नवऱ्याची वही बाजूला ठेवून ट्रोव्ह ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची फुकट वर्तमानपत्रं उघडा. जहाज कधी लागलं, कोण उतरलं, पुढे सभांमध्ये कोण काय बोललं, सगळं तिथे आहे. कफीच्या मृत्यूची दखल होबार्टच्या पत्राने घेतली होती. कैद्यांच्या वहीत त्याचं म्हातारपण तुम्हाला मिळणार नाही.

कैदी बायकांची मुलं हा या दप्तराचा सगळ्यात जड भाग. घरकामाला दिलेली बाई गरोदर राहिली की तिला परत कैदखान्यात धाडत. होबार्टजवळचं कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी १८२८ पासूनचं. तिथल्या पाळणाघरात पोरं भयंकर प्रमाणात दगावली. जगलेलं मूल साधारण दोन-तीन वर्षांचं झालं की ऑर्फन स्कूलमध्ये जाई, आणि १८३३ पासून ते न्यू टाउनच्या इमारतीत भरे. नाव अनाथशाळा, पण आई जिवंत, दोन-चार मैलांवर सजा भोगत असलेली. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं वय, आईचं नाव आणि तिचं जहाज, दाखल झाल्याची तारीख आणि कोणाच्या ताब्यात दिलं ते येतं. इथेही आईच्या जहाजावरून जुळणी करा. आईने दरम्यान लग्न केलं तर मूल नव्या आडनावाने बाहेर पडतं आणि धागा तुटतो. म्हणून आईच्या लग्नपरवानगीची तारीख आणि मुलाच्या सुटकेची तारीख एकमेकींशेजारी लिहून ठेवा. पुष्कळदा त्यांत थोडेच महिने असतात. लग्न का केलं, याचं एक कारण तिथे दिसतं.

१८५१ नंतर अनेकांचा माग टास्मानिया आणि मुख्य ऑस्ट्रेलिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीपाशी हरवतो. व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि सुटलेले, माफीवाले, पळालेले सगळे तिकडे निघाले. ‘डिपार्चर्स’मध्ये नाव मिळालं तर नशीब. नाही मिळालं तर व्हिक्टोरियाच्या नोंदी बघाव्या लागतात, आणि तिथे लोकांनी जहाज, जन्मगाव, कधीकधी आडनावही बदलून सांगितलं. कैद्याचा वंश हा कलंक समजून पुढच्या पिढ्यांनी तो लपवला. वंशावळीच्या संकेतस्थळांवर ‘प्रतिष्ठित स्थलांतरित’ लिहिलेल्या किती पूर्वजांची पानं कॉन ३३ मध्ये पडून असतील.

डिजिटल पॅनॉप्टिकन ही आणखी एक फुकट साइट. १७८० ते १९२५ दरम्यान ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे ९०,००० जणांच्या नोंदी तिने एकत्र जोडल्या आहेत. सोय मोठी, पण जोडणी संगणकाची. एकाच नावाचे दोघे एकत्र झालेले दिसू शकतात. ती दिशा दाखवायला वापरा, खात्री मूळ पानावर करा. शिवाय ती लंडनपुरती. आयर्लंड-स्कॉटलंडचे कैदी किंवा भारतातल्या पलटणींत लष्करी न्यायालयाने शिक्षा देऊन पाठवलेले गोरे सैनिक तिथे नाहीत. टास्मानियाच्या सूचीत ते जहाजानिशी येतात.

हे सगळं वापरताना आपल्या अंदमानची आठवण होतेच. तिथेही काही वर्षं सजा भोगलेल्याला स्वतःच्या कमाईवर राहायची मुभा मिळे, जमीन मिळे, कैदी बाईशी लग्न करता येई, आणि त्यांची मुलं-नातवंडं आजही त्या बेटांवर आहेत. मुंबई इलाख्यातून गेलेले त्यात होते. त्यांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेत आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात बघावे लागतात. अभिलेख पटल या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर शोध फाइलच्या शीर्षकावर चालतो, माणसाच्या नावावर नाही. सातारा किंवा रत्नागिरीच्या एखाद्या कुटुंबाला पणजोबाचं नाव आणि जहाज टाकून त्याच्या हातावरचं गोंदण वाचता यावं, अशी सूची आपल्याकडे व्हायला हवी. नमुना तयार आहे.

होबार्टला जाणं झालं तर दप्तराची वाचनखोली मरे स्ट्रीटवर ९१ क्रमांकाच्या इमारतीत आहे. कॅस्केड्स शहराच्या दक्षिणेला, चालत जाण्याजोगं. जाण्याआधी पानं घरीच वाचून घ्या, तिथे गेल्यावर भिंती बोलतात ते मग. आणि प्रत्येक पान उतरवताना फाइलच्या नावात मालिका, वहीचा आकडा, पानाचा आकडा आणि माणसाचं नाव-जहाज लगेच घाला. साइटचे दुवे बदलतात, वहीचा आकडा बदलत नाही. चाळीस छायाचित्रं नुसत्या क्रमांकांनी साठली की कुठलं पान आईचं आणि कुठलं मुलाचं हे पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.